माळढोक दिसला तेव्हा

माझ्या नवऱ्याला माळढोक बघायचा होता. ते राहून गेलं नि ते गेले. म्हणून धाकटी नणंद कुसुम मला जैसलमेरकडे घेऊन आली.

सकाळी आम्ही तिथलं छोटंसं संग्रहालय पाहिलं. काचेच्या कपाटात पेंढा भरलेला माळढोक उभा होता. त्याच्या पायांशी वाळू पसरली होती.

दुपारी अभयारण्यात जीप थांबली. वाटाड्यानं बोट दाखवलं. दूर सुकल्या गवतातून पांढऱ्या मानेचा एक उंच पक्षी सावकाश चालला होता.

"वहिनी, दिसला का?" कुसुमनं कुजबुजत विचारलं.

"दिसला."

मला काहीच वाटलं नाही. गेलेल्या माणसाची इच्छा आपण मागे पुरी करू शकतो, पण तिच्यातला आनंद तो सोबत घेऊन गेलेला असतो.

"दादानं बघायला हवा होता गं," म्हणत कुसुम माझ्या गळ्यात पडून ढसाढसा रडू लागली. मी कोरडीच होते. पण तिच्या हुंदक्यांबरोबर माझंही अंग हलत होतं, आणि तिला थांब म्हणावंसं मला वाटेना.