मागांच्या खडखडाटातलं शवासन

कापडगिरणीच्या डॉक्टरांनी दवाखान्यात आम्हा वजनदार, रक्तदाबवाल्या माणसांना शवासन शिकवायला घेतलं, तेव्हा शेजारच्या चटईवर मागखात्यातला, विणकरांवर देखरेख करणारा एक जाडजूड जॉबर असे. डोळे मिटले की माझ्याकडे, हजेरी लिहिणाऱ्याकडे, कुरकुरायचा, "टायमकीपर, हितं लई शांत हाय. छाती धडधडती की!" मग आपल्या जेवणाच्या सुट्टीत तो मागांच्या कडेला आडवा व्हायचा. त्या खडखडाटात त्याचा चेहरा लोण्यासारखा सैल पडे. महिन्याभरात त्याचं प्रेशर उतरलं. माझं होतं तिथेच राहिलं.

एका दुपारी सुट्टी संपली तरी तो उठला नाही. दोनच मिनिटं झाली होती. मी त्याला हलवायला हवं होतं. मी मात्र 'कामावर झोपला' असा रिपोर्ट लिहिला. मत्सर होता, दुसरं काही नाही. त्याला आठ दिवस घरी बसवलं.

परतला तो थेट माझ्यापुढे. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो.

"बसा की! घरी लई शांतता. प्रेशर चढलं बगा पुन्ना." तो हसला. "चला, तुमालाबी मागाजवळ निजवतो. दवाखान्यात तुमचं काय उतरत न्हाय."

मी त्याच्याशेजारी आडवा झालो. "वेळेवर जाग नाही आली तर?"

"मी हाय की उठवायला."