दानव्वाची पहिली शिवण

दानव्वा तीन वेळा माझ्या दुकानात आली आणि तिन्ही वेळा मी तिला चुकीचं मशीन दाखवलं. गुळेदगुड्डच्या बाजारात तीस वर्षं शिलाई मशीन विकतोय मी. गिऱ्हाईक पायरी चढायला लागलं की त्याचे पाय बघायचे आणि मनातल्या मनात मशीन ठरवून टाकायचं, ही माझी खोड. बायको म्हणायची, "अहो, माणसाचं तोंड बघावं आधी." तिला धंद्यातलं काय कळतंय, असं म्हणून मी कान बंद करायचो. ती मिजास दानव्वानं उतरवली, तेही एक उलट शब्द न बोलता.

दानव्वा म्हणजे शेखरप्पा विणकराची बायको. चौतिशीची, हाडापेरानं मजबूत, हसू आलं की पदर तोंडावर घेणारी. लग्न होऊन आली तेव्हापासून घरातल्या दोन मागांसाठी सुताच्या कांड्या भरतेय. तिनं भरलेली कांडी धोट्यात कधी अडकत नाही, असं शेखरप्पा चारचौघांत सांगतो, आणि हा माणूस बायकोचं कौतुक करण्यातला नव्हे. खण विणून झाला की घडी घालून ती व्यापाऱ्याकडे पोचवायची आणि परत येताना वाटेत चोळ्या शिवणाऱ्या बायकांच्या दारात उभी राहून बघायची.

"अण्णा, पोर आमची आणि नटवायची शेजाऱ्यांनी," ती मला पहिल्या दिवशी म्हणाली. "आपला खण आपणच शिवावा, एवढंच मनात आहे."

मनात होतं, पण हातात नव्हतं. बायकांच्या मंडळाच्या शिवणवर्गाला ती तीन महिने गेली होती. कात्री तिच्या हातात कापडाला चावायची. शिवण तर नुसती वळवळत जायची. शेवटी तिथल्या बाईंनी सांगितलं, "दानव्वा, तू आपल्या कांड्याच भर."

तरी तिनं हट्ट सोडला नाही. सासूला, कल्लव्वाला, घेऊन दुकानात आली. कल्लव्वाची जीभ बाजारात प्रसिद्ध. म्हातारी पायरीवरूनच ओरडली, "विरुपाक्षा, धडसं मशीन दे हो. मागल्या वेळी माझ्या भाचीला दिलंस ते शिवायचं कमी आणि खोकायचं जास्त."

"अव्वा, ते मशीन नव्हतं खोकत, तुमची भाची त्यात तेल घालत नव्हती."

"तोंड मग चालव. मशीन चालव आधी."

आमच्या दुकानाची एक रीत आहे, वडिलांपासूनची. मशीन पसंत पडलं की त्यावरची पहिली शिवण बनशंकरीच्या नावानं नव्या खणावर घालायची. सरळ आली तर मशीन घरी न्यायचं. वाकडी आली तर या मशीनचं आणि या माणसाचं जमत नाही म्हणायचं आणि मशीन परत फळीवर ठेवायचं. विणकरांच्या घरात ही रीत फार मानतात. तो खण मग पौषात बदामीला जत्रेत देवीला वाहायचा.

पहिल्या वेळी मी दानव्वाचे भक्कम पाय बघून जड पायमशीन दिलं. शिवण वाकडी गेली. मी म्हटलं, पायाखालचा पायटा जड पडला. आठ दिवसांनी हलकं, बुटकं मशीन काढून ठेवलं. शिवण आणखी वाकडी. तिसऱ्या वेळी म्हटलं पायांची भानगडच नको, आणि मोटारवालं लावलं. तिनं मोटारीच्या बटणावर पाऊल ठेवलं मात्र, मशीन सुटलं उधळलेल्या बैलासारखं, आणि "यव्वा!" म्हणून दानव्वा स्टुलावरून उठून माझ्या गल्ल्यामागे येऊन उभी राहिली. समोरचा गिरमिटवाला चुरमुरे कालवायचे सोडून हसत बसला. ती पण हसली, पदर तोंडावर घेऊन. पदर खाली आला तेव्हा डोळे भरलेले होते.

कल्लव्वा नाही हसली. तिनं खणाची शिवण उसवली, खण कपाळाला लावला आणि म्हणाली, "आता एकदाच. देवीचा खण किती वेळा उसवायचा? चौथ्यांदा वाकडी गेली तर हा नाद सोडायचा, दानव्वा. मी पण पुन्हा यायची नाही."

"बरं, अत्ती," दानव्वा म्हणाली. सासूला ती कधी उलटून बोलली नाही, हे सारी गल्ली सांगेल.

चौथ्या वेळी त्या आल्या तेव्हा खरं सांगतो, मला काही सुचत नव्हतं. सगळ्यात चांगलं पायमशीन पुसून ठेवलं होतं आणि सुईत दोरा ओवत होतो. डोळे आता पहिल्यासारखे राहिले नाहीत. दोरा सुईच्या डावीकडून जायचा, उजवीकडून जायचा, भोक सोडून सगळीकडे जायचा. कल्लव्वा दारातल्या बाईशी बोलत होती. दानव्वानं माझ्या हातातून दोरा घेतला, ओठांत धरून ओला केला आणि एका झटक्यात ओवला. मग काहीतरी चोरलं असावं तसा हात पदराखाली घेतला.

तो डावा हात होता.

तिथं माझी ट्यूब पेटली. तिन्ही वेळा ती मशीनवर बसली तेव्हा डावा हात मांडीवर, पदरात गुंडाळलेला, आणि कापड सरकवायला एकटा उजवा. मी टाचा बघत बसलो होतो! कापड सरळ जाणार कुठून? नुसत्या डाव्या हातानं कापड सरकवायला सांगितलं तर माझीही शिवण वळवळेल. तिचा उजवा म्हणजे माझा डावा.

"दानव्वा, तू डावरी?" मी हळूच विचारलं.

ती काही बोलायच्या आत कल्लव्वा वळली. "ओरडून सांग सगळ्या बाजाराला! लग्न होऊन आली तेव्हापासून मी ह्या हाताच्या मागे लागलेय. घरात कांड्या भरताना चालवून घेते, कोण बघायला येतंय. पण देवीच्या खणाला डावा हात लागायचा नाही. सांगून ठेवते, विरुपाक्षा."

आता आली पंचाईत. पायमशीनवर दोन्ही हात कापडावर पाहिजेत आणि म्हातारी एका हाताला तिथं येऊ देणार नाही. मी फळ्यांकडे बघत उभा राहिलो. अगदी वरच्या फळीवर, पोत्याखाली, एक हातमशीन पडलेलं होतं. हातमशीन आता कोणी घेत नाही, फुकट दिलं तरी नाक मुरडतात. मी शिडी लावून ते खाली काढलं, धूळ पुसली, तेलाचे चार थेंब सोडले आणि जमिनीवर पाटावर ठेवलं.

"हे काय, तुझ्या आजीचं?" कल्लव्वा म्हणाली.

"अव्वा, नीट बघा. ह्याला पायटा नाही. हँडल उजवीकडं. म्हणजे मशीन चालवणार कोण? उजवा हात. आता तर झालं?"

म्हातारीनं डोळे बारीक केले. "आणि डावा?"

"तो बसेल खणापाशी. कुठंतरी बसायलाच पाहिजे की त्यानं."

मी खोटं बोललो नाही, पण खरंही सगळं बोललो नाही. माझं काय ते देवी बघून घेईल म्हटलं.

दानव्वा मांडी घालून बसली. उजवा हात हँडलवर ठेवला आणि सासूकडे बघितलं. कल्लव्वानं मान हलवली. पहिल्यांदा चाक उलटं फिरलं आणि दोरा तुटला. तिनं पुन्हा ओवला, आता माझ्याकडे चोरून बघत. दुसऱ्यांदा चाक सुलटं फिरलं. उजव्या हाताला फक्त फिरवायचं काम, ते तो बिचारा करत राहिला. आणि तो डावा हात पदराखालून बाहेर आला.

काय सांगू तुम्हाला. मी हजारो हात बघितलेत मशीनवर. नवशिक्याचा हात कापडाला ओढतो, दाबतो, त्याच्याशी भांडतो. हिचा हात कापडावर नुसता टेकला होता. काठ जरा इकडे झाला की बोट किंचित हलायचं आणि काठ परत जागेवर यायचा. अठरा वर्षं कांड्यांवर धागा सोडलेली बोटं ती. जांभळ्या खणाच्या काठाला लागून टाके चालले, एकामागून एक, सारखे. गिरमिटवाला या वेळी हसायचं विसरून पायरीवर येऊन उभा राहिला. दानव्वाला आम्ही कोणीच दिसत नव्हतो. मला इतका आनंद झाला की मीच ते मशीन तिला फुकट देऊन टाकतो की काय अशी भीती वाटली.

मी कल्लव्वाकडे बघितलं. ती हँडलकडे बघत नव्हती. तिची नजर खणावरच्या हातावर होती, पहिल्या टाक्यापासून असणार. विणकराच्या घरात साठ वर्षं काढलेली बाई, काम कुठला हात करतो हे तिला मी काय शिकवणार? आता ही मशीन थांबवते, असं वाटून मी तोंड उघडलं. तिनं माझ्याकडे न बघताच बोट उभं करून मला गप्प केलं.

काठ संपला. दानव्वानं दोरा तोडला, खण उचलला आणि आनंदाच्या भरात सासूपुढे धरला. उजवा अजून हँडलवरच होता. धरल्यावर तिचं तिला कळलं. आमच्याकडे डाव्या हातानं कुणी कुणाला विडासुद्धा देत नाही. तिचा चेहरा उतरला आणि ती हात मागे घ्यायला लागली.

"थांब," कल्लव्वा म्हणाली. तिनं वाकून त्या हातातला खण घेतला, उजेडात धरून शिवण या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली आणि डोळ्यांना लावला. मग नाक ओढत माझ्यावर खेकसली, "बघत काय बसलास? करंडा आण."

मी कुंकवाचा करंडा आणला. दानव्वानं पदर सावरला, डोळे पुसले आणि मशीनला कुंकू लावायला उजवा हात पुढे केला.

"तो नव्हे," कल्लव्वा म्हणाली.