हळदीकुंकवातला लाल चौकोन
अत्तराचा वास आला की मला डोंबिवलीच्या घरातलं ते हळदीकुंकू आठवतं. हॉलमध्ये बायकांची गर्दी, आणि सूनबाई आत लॅपटॉपसमोर. तिचं काम वेबसाइट तपासायचं. तिनं मला आधीच समजावलेलं, की वेबसाइट वेगवेगळ्या फोनवर, वेगवेगळ्या ब्राउझरमध्ये नीट उघडते का ते कुठल्यातरी दूरच्या कॉम्प्युटरवर आपोआप तपासलं जातं. बरोबर असेल तर हिरवा चौकोन, चुकलं तर लाल. त्या दिवशी एका दवाखान्याची साइट सुरू व्हायची होती, आणि नेमका एक चौकोन लाल! तिचे साहेब फोनवर म्हणत होते, "अगं, तो ब्राउझर वापरतं कोण? मशीनचंच चुकलं असेल. हो म्हण, आपण सुरू करू." तिची नोकरी तर नवी. ही मात्र तडक हॉलमध्ये आली. "काकू, जरा सगळ्यांचे फोन दाखवा ना!" "अगं, वाण द्यायचं सोडून फोन कसले मागतेस?" म्हणत बायकांनी हसत हसत फोन काढले. तिनं साइटची चाचणीची लिंक एकेका फोनवर उघडली, तर शेजारच्या काकूंच्या फोनवर नेमका तोच ब्राउझर, आणि त्यात नंबर लावायचं बटणच दिसेना! सूनबाईनं त्याचा फोटो साहेबांना पाठवला आणि शांतपणे म्हणाली, "सर, आमच्या काकू वापरतात. त्यांचा नंबर लागेपर्यंत मी हो म्हणणार नाही." साहेबांनी साइट सुरू करायचं थांबवलं. दिवेलागणीला दुरुस्ती होऊन तो चौकोन हिरवा झाला, तेव्हा पाहुण्यांसाठी ठेवलेलं एक वाण मी तिच्याच हातात दिलं. आता डॉक्टरांची वेळ मी त्याच साइटवरून घेते, आणि ते बटण दाबताना उगाचच ताठ बसते.