माहेर गेलं नागपूरला

आम्हा यवतमाळवाल्यांची एक खोड आहे. लांबच्या माणसाने गाव विचारलं की आम्ही राळेगाव म्हणतच नाही. "नागपूरकडचे" म्हणून मोकळे. शेजारच्या, गाद्या भरणाऱ्या पिंजारी चाचानेही तेच केलं. त्याची बहीण, आमची आत्या, लग्न होऊन कराचीला गेलेली. तिला बोलवायच्या कागदावर चाचाने तोऱ्यात नागपूर लिहिलं, पत्ता तिथल्या मावसभावाचा. मग व्हिसा आला तोही फक्त नागपूरचा. आत्या येऊन तिथेच उतरली; शहराबाहेर पाऊल टाकलं तर गुन्हा.

इकडे तिची आई, म्हणजे आम्हा सगळ्यांची दादी, डोळे लावून बसलेली. लग्नानंतर लेक तिच्या नजरेस पडली नव्हती. आणि नागपूरला जायला म्हातारी तयार नाही.

"माहेर काय मावसभावाच्या खोलीत असते काय? लेक माह्या घरी आली पाह्यजे. मी कायले जाऊ?"

चाचाने ठाण्यात, मग यवतमाळच्या ऑफिसात चकरा मारल्या. तिथे चहा मिळाला, तिला गावी आणायची परवानगी मिळाली नाही. मला अजून संताप येतो. सरहद्द कुठल्या कुठे, अन् तिचं फाटक आमच्या गल्लीच्या तोंडाशी!

शेवटी माझी आई दादीकडे गेली. दुपारी गल्लीतल्या बाया दादीच्या अंगणात गादीच्या कापसातला कचरा निवडायला बसत. त्या वर्षी कापसाला भाव नव्हता, लोकांच्या हाती पैसा नाही तर नव्या गाद्या कोण भरणार? तरी बाया यायच्याच, गप्पांसाठी.

"दादी, घर हालत नाही, माणसं तं हालतात ना? आम्ही साऱ्या चाललो. तुमी राहा एकट्या."

जिनिंगच्या कारखान्यात कापूस नेणारा टेम्पो रिकामाच उभा होता. सगळ्या बाया मागे चढल्या, कापसाचं एक गाठोडं घेऊन. मीही चढले. टेम्पो सुरू झाला तशी दादी पुटपुटत आली आणि ड्रायव्हरशेजारी बसली.

नागपूरला आत्या मावसभावाच्या दारातच उभी होती. दादीने आधी तिला झापलं. "किती वाळली तू! खात नाही काय तिकडे?" मग दोघी गळ्यात पडून रडल्या. आम्हीही रडलो, लाज कसली त्यात?

मग बायांनी गाठोडं सोडलं आणि नेहमीसारख्या गोल बसल्या. आत्या दादीला खेटून बसली. कोणाचं लग्न झालं, कोण गेलं, कोणाची सून भांडखोर, सगळं विचारून घेतलं. खोलीभर कापूस उडाला तसा मावसभाव कुरकुरला, पण चहा त्यानेच केला. व्हिसा संपेपर्यंत आमच्या बऱ्याच खेपा झाल्या.

निघायच्या दिवशी दादी लेकीला म्हणाली, "आता मी येतो तुह्याकडे." आम्ही हसलो. म्हातारीने मात्र घरी आल्यावर चाचाला पासपोर्टच्या मागे लावलं.

काही दिवसांनी पासपोर्टच्या चौकशीला पोलीस शिपाई आला. गल्ली गोळा झाली. त्याने विचारलं, "आजी, या वयात पाकिस्तानात काय काम काढलं?"

दादीने त्याला खाटेवर बसवलं.

"लेक देली बाबू त्या घरी. तिची चूल कोणत्या कोपऱ्यात हाय, हे बी मले माहीत नाही."