शिवप्रसादचे नवे ब्रेक पॅड

राणीसावरगावच्या शिवप्रसादला गाडीनं झपाटलं होतं, अक्षरशः झपाटलं! आठवडाभर गावातली माणसं गंगाखेडला, परभणीला नेऊन सोडायची आणि वर्षातून दोनदा तीच गाडी पुण्याकडं शर्यतीच्या ट्रॅकवर पळवायची. मागच्या खेपेला ट्रॅकवर ब्रेकचे पॅड तापले, धूर निघाला आणि पायाखालचा ब्रेक नुसता नावाला उरला. तेव्हापासून शिवप्रसादची झोप उडाली.

दोन महिने त्यानं घरादाराचं डोकं खाल्लं. बायको ताट वाढून बसायची आणि हा आपला मोबाइलमध्ये! साधे पॅड फार तापले की हात टेकतात. खास शर्यतीचे पॅड तापल्यावर घट्ट धरतात, पण सकाळच्या थंड गाडीत नीट धरत नाहीत. "शाळेपुढं लेकरं आडवी येतात. तिथं काय पॅड तापायची वाट बघत बसू?" असं म्हणून त्यानं मधले निवडले. थंडीतही धरणारे, तापले तरी दम न सोडणारे. निवड अगदी शंभर नंबरी होती, त्यात वादच नाही.

दसऱ्याला सकाळी त्यानं स्वतःच्या हातानं पुढच्या दोन्ही चाकांना ते बसवले. अंगणातून गाडी बाहेर काढताना ब्रेक जरा कमी धरतोय असं वाटलं. नवे पॅड थोडे घासले की मगच नीट धरतात, हे त्यानं वाचलेलं, म्हणून मनावर घेतलं नाही. आईला, बायनाबाईला, शेजारी बसवलं आणि निघाला पोखर्णीला, नरसिंहाच्या दर्शनाला.

गंगाखेड मागं पडलं, रस्ता मोकळा मिळाला, गाडीनं वेग घेतला आणि समोर म्हशी आडव्या आल्या. शिवप्रसादनं ब्रेक दाबला. गाडी थांबेना! अहो, पाय पार रोवला तरी गाडी आपली पुढंच! म्हशी, त्यांच्यामागची काठीवाली बाई, सगळं काचेत मोठं मोठं व्हायला लागलं. त्यानं गिअर पाडला, हँडब्रेक खेचला आणि गाडी सरळ तुरीच्या शेतात घातली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही.  

शिवप्रसाद खाली उतरून चाकाजवळ वाकला, तर जळक्या तेलाचा वास! तेल आलं कुठून? सकाळी बसवले तेव्हा पॅड कोरडे होते. आणि वास गाडीच्या तेलाचा नाही, चक्क फोडणीचा!

बायनाबाई हात जोडतच मागून आली. "नरसिंहानं राखलं रं बाबा. म्हणून तर काल खंडेनवमीला मी तुझ्या नव्या सामानाला बी पुजलं. इळ्या-कुऱ्हाडीसंगं ठिवून करडीचं तेल चोळलं, रातभर मुरू दिलं, पहाटं लख्ख पुसून डब्यात घातलं. त्या तेलानंच वाचलो बघ आपण."

शिवप्रसादला आता उलगडा झाला. तेल प्यालेला पॅड कशाला धरतोय! दोन महिने जगातल्या सगळ्या पॅडचा विचार केला, पण आपल्या देवघराचा विचार मनात आला नाही, हद्द झाली! गप्पच बसावं, असं त्याला वाटलं.

"उद्या मागच्या चाकाला बी लावते," बायनाबाई म्हणाली.

"नको माय!" तो ओरडलाच. मग तिला धरून बांधावर बसवलं आणि सांगून टाकलं. "माय, त्या तेलानंच ब्रेक धरला न्हाई. त्याला कोरडंच लागतंय. मी तुला सांगाय पायजे व्हतं, माझंच चुकलं."

तिला आधी खरंच वाटेना. मग ते उमगलं. ती पदरानं तळहात पुसायला लागली. पुसतच राहिली.

"म्हंजी मी? माझ्याच हातानं? माझ्या लेकराला?"

शिवप्रसाद समजावत राहिला, पण ती काही ऐकेना. दर्शनाला चल म्हणाला, तर जागची हलेना.

"कोणत्या तोंडानं जाऊ रं त्याच्यापुढं?" म्हणाली आणि तिथंच बांधावर हमसून हमसून रडायला लागली.