माझं मी करते

त्या बुधवारी चर्चच्या महिला सभेत गर्व या पापावर बोलायची पाळी माझी होती. मी चांगली तयारी करून गेले होते. देवाच्या बरोबरीला बसू पाहणारा दूत स्वर्गातून कसा खाली पडला, राजवाड्याच्या गच्चीवरून शहराकडे बघत ‘हे सगळं माझं’ म्हणणारा राजा रानात गवत कसा खाऊ लागला, मंदिरात उभं राहून देवाला आपल्या उपासांची यादी ऐकवणारा परूशी पंथाचा धर्मनिष्ठ माणूस जसा आला तसाच कसा घरी गेला, हे सगळं क्रमानं सांगितलं. गर्व हे बाकीच्या पापांचं मूळ, कारण गर्विष्ठ माणसाला कुणाची गरजच वाटत नाही, देवाचीसुद्धा नाही, असं शेवटी म्हणाले. बायकांनी माना डोलावल्या. आमच्यातल्या ज्या तिघीचौघींना हे लागू पडतं असं मला वाटत होतं, त्यांच्याकडे मी बोलताना मधूनमधून बघतही होते.

पंधरा दिवसांनी मी न्हाणीत घसरून पडले आणि उजवं मनगट मोडलं. कोपरापर्यंत प्लास्टर बसलं.

केडगावात माझं दोन खोल्यांचं घर आहे. नवरा जाऊन सात वर्षं झाली. मुलगा पुण्याला असतो. तो आला, चार दिवस राहिला, ‘आई, चल माझ्याकडे’ म्हणाला. मी गेले नाही. मग ‘निदान एखादी बाई ठेवू या’ म्हणाला. त्यालाही मी नाही म्हटलं. सगळी नोकरी मी नर्स म्हणून केली होती. हजारो माणसांना उठवलं, बसवलं, पुसलं. माझं मला करता येणार नाही, हे मला पटतच नव्हतं.

शेजारच्या घरात एक दूधवाली राहते. मूळची हिवरे बाजारच्या बाजूची, दोन म्हशी पाळून घरोघर रतीब घालते. माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान. तिची सासू अंथरुणाला खिळली होती तेव्हा आठ महिने मी रोज जाऊन तिच्या पाठीच्या जखमा धूत होते. त्या घरी मी कधी चहासुद्धा घेतला नाही. ती आग्रह करायची, मी हसून उठायचे. हीच सेवा, असं मी समजत होते.

मुलगा पुण्याला परतला त्याच सकाळी ती गरम पाण्याची बादली घेऊन दारात उभी राहिली.

“सिस्टर, बसा हितं पाटावर. डोकं धुऊन देते. केसांच्या पार जटा झाल्यात.”

“नको गं. माझं मी करते.”

“एका हातानं?”

“एका हातानं.”

ती गेली. दुपारी भाकरी आणि मेथीची भाजी घेऊन आली. भाजी मी ठेवून घेतली, पण संध्याकाळच्या आत तिचं भांडं अंडी घालून परत पोचवलं. दुसऱ्या दिवशी ती तेलाची बाटली आणि फणी घेऊन आली. निदान वेणी तरी घालू द्या म्हणाली. मी जरा जोरातच बोलले, “मला कुणाकडून करून घ्यायची सवय नाही. तुझी कामं पडली असतील, जा.”

ती तशीच उभी राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, “आमच्या सासूचं तुमी आठ म्हैने सगळं केलं. हागनं-मुतनं काढलं. आमी कवा न्हाई म्हनलो का? मंग आमचा हात तुमाला का चालंना?”

ती फणी पदरात गुंडाळून निघून गेली. नंतर आली नाही.

तिचा प्रश्न मला झोंबला, कारण ‘हात चालत नाही’ हे शब्द आमच्या घरात फार जुने. माझी आजी नेवाशाकडच्या एका खेड्यातली. तिला गावच्या विहिरीला हात लावू देत नसत. कुणीतरी वरून पाणी ओतायचं आणि तिनं ओंजळ करून खाली उभं राहायचं. पुढे घर ख्रिस्ती झालं, आई मिशनच्या शाळेत शिकली, मास्तरीण झाली. ती आम्हा बहिणींना सांगायची, “ओंजळ करायचे दिवस गेले. आता कुणापुढे ओंजळ करायची नाही.” त्या एका वाक्यावर मी उभी राहिले. शिकले, नोकरी केली, घर बांधलं. ते वाक्य चुकीचं होतं असं मी आजही म्हणणार नाही. पण मी कधीतरी त्याचा अर्थ बदलला होता. द्यायचं ते मी आणि घ्यायचं ते इतरांनी, अशी वाटणी करून मी वरच्या बाजूला जाऊन बसले होते.

हे सगळं तेव्हा कळलं असतं तर बरं झालं असतं. तेव्हा मी केलं ते असं. शनिवारी, उद्या उपासनेला नीट जायचं म्हणून एकटीनंच केस धुवायला बसले. प्लास्टरवर प्लास्टिकची पिशवी चढवली, दातांनी गाठ मारली. दुसऱ्याच तांब्याला पिशवीत पाणी शिरलं. घाईनं उठायला गेले, पाय सरकला आणि सगळा भार त्याच हातावर आला. कळ मस्तकात गेली. तरी चार दिवस मी कुणाला सांगितलं नाही. बोटं सुजून निळसर झाली होती. असा हात घेऊन कुणी पेशंट उशिरा आला असता तर मी त्याला फैलावर घेतलं असतं.

शेवटी रिक्षा करून गेले. डॉक्टर माझ्या मुलाच्या वयाचे. एक्स-रे बघून ते म्हणाले, “सिस्टर, तुम्हीसुद्धा?” हाड सरकलं होतं. पुन्हा बसवावं लागलं. मनगट आता पूर्ण सरळ होणार नाही, हे त्यांनी तेव्हाच सांगितलं.

घरी येऊन पडले होते तेव्हा प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले ती गोष्ट मनात येत राहिली. दरवर्षी ती वाचताना मी मनातल्या मनात कमरेला टॉवेल गुंडाळणाऱ्याच्या बाजूला उभी असायचे. माझे पाय तू कधीच धुवायचे नाहीत, असं म्हणणाऱ्या शिष्याकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. त्याचं ते बोलणं मला नम्रपणाचं वाटायचं. प्रभूला तसं वाटलं नाही. धुवू दिलं नाहीस तर तुझा माझ्याशी संबंध उरत नाही, अशा अर्थाचं तो त्याला बोलला होता.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास मी शेजारी गेले. ती अंगणात दुधाच्या किटल्या घासत होती. मला बघून ती उठली नाही. मी घरून वाक्य जुळवून नेलं होतं, ते तिथे आठवेना.

“माझं डोकं धुऊन देतेस का?” एवढंच म्हणाले.

तिनं हातातली किटली विसळून पालथी घातली. “जावा तुमी. पानी तापवून आनते.”

मी पाटावर बसले. तिनं वरून पाणी ओतलं. आजी आठवली आणि मान ताठ झाली. “सैल सोडा की मान, सिस्टर,” ती म्हणाली. मग तिची बोटं केसांत फिरायला लागली आणि मला रडू आलं. लाज होती, रागही होता, आणि त्याखाली फार बरं वाटत होतं. शिकेकाई डोळ्यांत गेली असं मी तिला सांगितलं. तिनं शाम्पू आणला होता.

त्या दिवशी मला एक पेशंट आठवली. पाथर्डीकडची ऊसतोडणीला जाणारी म्हातारी, पाय मोडून वॉर्डात आलेली. ती अंग पुसू देत नव्हती. मी तिला सगळ्यांसमोर म्हणाले होते, “लाजायचं काय त्यात, आजी? आम्ही रोजच करतो हे.” तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं होतं आणि मी माझं काम चोख उरकलं होतं.

प्लास्टर निघालं. मनगट वाकडं राहिलं आहे. कुलूप उघडता येतं, पीठ मळता येत नाही. भाकऱ्या शेजारून येतात आणि भांडं मी लगेच परत करत नाही.

पुढं सभेत माझी पाळी आली तेव्हा मी हे सगळं सांगितलं. कुणाकडे बघायचं ते सुचेना, म्हणून खिडकीकडे बघत बोलले. संपल्यावर एक तरुण मुलगी उठली. “पण मग स्वाभिमान कुठं संपतो आणि गर्व कुठं सुरू होतो, हे ओळखायचं कसं?”

मी म्हणाले, “मला नीट सांगता येणार नाही. कुणी प्रेमानं काही करू पाहतं आणि ‘नको’ म्हणताना मला आतून बरं वाटतं, तेव्हा मी जरा थांबते. एवढंच जमलंय.”

तिचं समाधान झालेलं दिसलं नाही. माझंही झालेलं नाही.