सॉफ्टी घरी नेता येत नाही

खालापूर सोडलं तेव्हा माझ्याजवळ एक ट्रंक, एक वळकटी आणि ट्रंकेत काय काय आहे याची यादी होती. आबा, म्हणजे माझे वडील, मला एसटीत बसवायला आले ते लग्नघरातून परस्पर. धोतराला बर्फावरचा भुसा चिकटलेला. कर्जत-खालापूरच्या गावांत लग्नांना पॉटचं आईस्क्रीम तेच करायचे. "पोचलीस की कारड टाक गं," एवढं बोलून ते परत कामावर गेले.

मुंबईत माझं लग्न झालं आणि काही वर्षांनी दादरच्या एका दुकानात सॉफ्टीचं मशीन चालवायची नोकरी लागली. गावाकडचे अजून विचारतात, सॉफ्टी आणि आईस्क्रीम यांत फरक काय, म्हणून सांगून टाकते. दूध-साखर दोन्हींत असते, सॉफ्टीत साय कमी. घुसळत गोठवणंही तेच. आबा लाकडी बादलीत बर्फ-मीठ भरून मधला डबा हाताने फिरवत, आमच्याकडे मोटर होती. खरा फरक त्यानंतरचा. डब्यातलं घुसळायचं पातं काढलं की आबा तो पुन्हा बर्फ-मिठात पुरून, वर गोणपाट टाकून दोन तास ठेवत. त्याने आईस्क्रीम घट्ट होतं आणि राहतं. सॉफ्टीला ते दोन तास मिळतच नाहीत. दांडा ओढला, कोनात पडली, लगेच खायची.

आई गेल्यावर आबांनी आमच्याकडेच राहावं असं मी ठरवलं. गादी, गोळ्या, रेशनकार्डावर नाव, सगळं लिहून काढलं. ते म्हणाले, "आठ दिस बघतो."

चौथ्या दिवशी मी त्यांना दुकानात नेलं आणि कोन हातात दिला. त्यांनी चाटून पाहिला, मग मशीनकडे बघितलं.

"अगं, ही पातं काढतानाची हाय. अर्ध्यावरच विकता काय तुमी?"

"आबा, ती अशीच असते."

"मंग मी तीस वरसं काय भजी तळत होतो?"

गिऱ्हाइकं हसली. जाताना त्यांनी जावयासाठी डब्यात सॉफ्टी भरून घेतली. ती राहत नाही, असं मी दोनदा सांगितलं. वाटेत ती विरघळलीच. घरी पोचल्यावर त्यांनी डबा फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवला, घट्ट व्हायला. संध्याकाळी हे कामावरून आले. आबांनी हौसेने डबा उघडला, तर आत पिवळट बर्फाची चकती. चमचा शिरेना. ह्यांनी खरवडून तोंडात टाकलं, कचकचलं.

"आबा, गोड गारा पडल्यात की!"

आबा हसले नाहीत. आमच्या घरात त्यांना जमेल असं एकच काम त्यांना दिसलं होतं आणि ते फसलं होतं.

सकाळी त्यांनी पिशवी भरली. "तुजं सगळं बेस हाय गं. पण हितं माज्या हाताला काय काम नाय."

मला राग आला. आठ दिवस ठरले होते. एसटी स्टँडवर मी गाड्यांच्या पाट्याच वाचत राहिले. गाडी लागल्यावर तेच म्हणाले, "शनवारी येतीस?"

"सुटायला उशीर होतो. किती वाजतील सांगता येत नाही."

"मंग पॉट लावतो. थांबतंय ते."

घरी येऊन मी यादीतलं रेशनकार्ड खोडलं आणि शनिवार लिहिला. आबा होते तोवर माझे तीनच शनिवार चुकले, तिन्ही पावसाने. माझं घर मुंबईतच आहे, त्याबद्दल मला शंका नाही. पण आपण किती वाजता पोचणार हे ठाऊक नसताना कुणी तयारीला लागतं, ते ठिकाणही घरच. गाव सोडून आलेल्यांनो, तुमचं तिकडे असं कुणी असेल, तर यादी नंतर करा, आधी गाडी धरा.